चौदा कार्डांचा डबा

त्या सकाळी सुचिता खवणेकरच्या पायरीवर कोणीतरी बांगड्यांची आतडी टाकून गेलं होतं. ताजी होती, माशा अजून जमल्या नव्हत्या. तिने बादलीभर पाणी ओतलं, खराटा मारला आणि पायरी पुन्हा एकदा धुतली. समोरच्या घरातली बाई खिडकीतून बघत होती. नजरानजर होताच तिने खिडकी लावून घेतली. तीनच दिवसांपूर्वी ती सुचिताकडून विरजण घेऊन गेली होती.

तीन दिवसांपूर्वी आंबरखोलची यादी लागली नव्हती, एवढाच फरक.

आंबरखोल हे सुचिताचं माहेर. समुद्र चढतोय हे तिथल्या पोरांनी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, पण २०३६ साली तो पुस्तकातून उठून आधी विहिरीत शिरला आणि दोन वर्षांनी चुलीपाशी आला. मग किनाऱ्यावरची एकवीस गावं उठवून आतल्या कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, वसवायचं ठरलं. सड्याचे दोन टप्पे होते. वरचा टप्पा समुद्रापासून चाळीस मीटर उंच, पणतवंडांनाही तिथे धोका नाही. खालचा जेमतेम सहा मीटर, पंचवीस-तीस वर्षांत तिथली जोती पुन्हा ओली व्हायची. म्हणून नियम केला, की ज्यांचं राहतं घर बुडालं त्यांना वरचा टप्पा. ज्यांचं नुसतं सुट्टीपुरतं घर होतं त्यांना खालचा.

आंबरखोलच्या यादीत राहत्या घरांतली अकरा कुटुंबं खालच्या टप्प्यात गेली होती आणि सुट्टीवाली अकरा नावं वर चढली होती. खाली गेलेल्या अकरांत सुचिताच्या धाकट्या भावाचं, रूपेशचं नाव होतं. पुनर्वसन कार्यालयातल्या ज्या कार्डाने यादी कुलूपबंद केली होती, ते कार्ड होतं सुचिता खवणेकरचं.

रूपेश त्याच दिवशी दहा वाजता आला. पायरी ओली होती, तो वर चढलाच नाही. तिने आत ये म्हटलं, चहा ठेवते म्हटलं. तो अंगणातच उभा राहून म्हणाला, की तिचा चहा आता त्याच्या घशाखाली उतरायचा नाही. तीन वर्षं तो, त्याची बायको आणि दोन मुली पत्र्याच्या संक्रमण शिबिरात राहत होते. दुपारी पत्रा एवढा तापायचा, की मुली भिंतीला पाठ लावत नसत.

"मी नाही केलं रे," सुचिता म्हणाली.

"ताई, गावच्या देवळासमोर उभं राहून तूच शिकवलंस ना आम्हाला? कार्ड खोटं बोलत नाही म्हणून?"

तिने तसं शिकवलं होतंच.

पुनर्वसन कार्यालयाची ती सर्वांत जुनी अभिलेखपाल, म्हणजे दप्तर सांभाळणारी. जमिनीचे दलाल कागद बदलतात, फाइली पळवतात, म्हणून या कार्यालयात कागदच ठेवायचे नाहीत असं पहिल्या दिवशी ठरलं. प्रत्येक दस्तऐवज संगणकात, आणि संगणकात तो कुलूपबंद. एकवीस गावांना हे समजावून सांगायचं काम सुचिताकडे आलं. शिकवण्याची तिला भारी हौस. गावोगावी ती नखाएवढी चिप असलेलं ते कार्ड बोटांत धरून उभी राहायची.

ती सांगायची, देवळातली दानपेटी आठवा. पैसे टाकायची फट सगळ्यांसाठी उघडी असते, पण आतलं काढायला विश्वस्ताचीच चावी लागते. तसंच इथे. तुमच्या घराचा कागद या फटीतून आत गेला की त्याचा नुसता अक्षरांचा चिवडा होतो. तो पुन्हा वाचता येतो फक्त या कार्डातल्या चावीने. आणि ही चावी चिपच्या पोटातच जन्मली, पोटातच मरणार. कार्ड बनवणाऱ्यालाही ती दिसत नाही, मला सुद्धा नाही. मी कार्ड यंत्रात घालते, कुलूप यंत्रातून चिपपाशी येतं, आत उघडलं जातं आणि परत जातं.

मग कोणीतरी विचारायचं, पण हुशार चोराने चावी शोधून काढली तर? त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं. जाळ्याचा गुंता व्हायला एक लाट पुरते, सोडवायला दोन माणसं आठवडाभर बसतात. कार्डातलं गणित तसंच, करायला सोपं, उलटं सोडवायला अशक्य. जुनी गणितं नव्या पुंज-संगणकांनी, म्हणजे क्वांटम संगणकांनी मोडली, हे त्यांनाही सुटत नाही. बदल केला की कार्ड त्यावर आपली खूण उमटवतं, वेळेसकट. ती खूण दुसऱ्या कोणाला उमटवता येत नाही. म्हणून नव्या कायद्याने ठरवलं होतं, की कार्डाने केलं ते कार्डाच्या मालकाने केलं. साक्षीपुरावा लागायचा नाही.

म्हातारे कोळी माना डोलवायचे. गुंता त्यांना कळायचा.

रूपेश जाताना म्हणाला, "कुंपणानेच शेत खाल्लं, त्याला गाव काय करणार." आणि फाटक उघडं टाकून गेला.

आता सुचिताला जे ठाऊक होतं आणि रूपेशला नव्हतं, ते सांगायला हवं.

कार्यालयात चौदा माणसं आणि चौदा कार्डं. ज्या गावाची फाइल ज्याच्या कार्डाने बंद, ती त्याच्याच कार्डाने उघडणार. सुरुवातीला कार्डाबरोबर अंगठाही लागायचा, पण खाऱ्या हवेत अंगठ्याची काच सहा महिन्यांत आंधळी झाली. तेव्हा मुख्यालयाने तो भाग बंद केला आणि नुसता चार आकड्यांचा पिन राहिला. कर्मचारी तर अर्धा वेळ सड्यावर मोजणीला. ज्याचं कार्ड हवं तोच नेमका बाहेर, आणि व्हरांड्यात शिबिरातली माणसं सकाळपासून उभी. एका दुपारी त्या रांगेत एक म्हातारी चक्कर येऊन पडली. दोन मिनिटांचं काम होतं तिचं, पण हवं ते कार्ड सड्यावर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सुचिताने घरून स्टीलचा एक गोल डबा आणला, दिवाळीत चकल्या ठेवायचा. बाहेर जाणाऱ्याने कार्ड डब्यात टाकून जायचं, म्हणजे मागे राहिलेला काम उरकील. डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली. तीवर चौदा नावं, चौदा पिन, आणि अक्षर सुचिताचं.

त्यानंतर पाच वर्षं त्या कार्यालयातून कोणाला उद्या या म्हणून परत पाठवलं नाही. जिल्ह्यात त्यांचं कौतुक झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत टेबलावर डबाही दिसत होता. लोकांना वाटलं, चिवड्याचा असेल.

यादी बदलली त्या मंगळवारी दुपारी एक चाळीसला सुचिता सड्यावर होती, उन्हात, फीत धरून. कार्ड डब्यात होतं.

यादी लागल्याच्या संध्याकाळीच तिला निलंबित केलं होतं. चौकशी लागली, अधिकारी मुंबईहून यायच्या होत्या. त्याआधी कार्यालयप्रमुख कुलदीप धुमाळ यांनी तिला बोलावून घेतलं. ती आत शिरली तेव्हा बारा माणसांनी बारा पडद्यांमध्ये डोकी घातली. चहाच्या टेबलावर डबा नव्हता. त्या जागी प्लास्टिकची फुलदाणी आली होती.

धुमाळांनी बसा म्हटलं नाही. त्यांनी एक तयार निवेदन पुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं, की घाईगडबडीत माझ्या हातून नोंदींची अदलाबदल झाली. एवढ्यावर सही केली, म्हणजे यादी चुकीची ठरून रद्द होईल, अकरा कुटुंबं वर जातील, तिला सक्तीची निवृत्ती मिळेल आणि पेन्शन वाचेल. डब्याचा शब्द काढला तर मात्र सगळंच उघडं पडेल. या कार्यालयातून सहा हजार मालकीपत्रं गेली होती. कार्ड भलत्याच्या हातात होतं असं एकदा सिद्ध झालं, की त्या सहा हजारांतलं एकही कोर्टात उभं राहायचं नाही.

"आणि डबा तुमचा होता, खवणेकर. माझा नाही," ते म्हणाले.

"तुमचं कार्डही त्यात असायचं, साहेब."

"कुठे आहे डबा? दाखवा."

तिने निवेदन घडी घालून पर्समध्ये ठेवलं. विचार करते म्हणाली. खरं तर तिचा विचार झालाच होता. अकरा घरं वर जाणार असतील तर आपलं नाव गेलं तर गेलं, असं तिने जिना उतरताना मनाशी ठरवून टाकलं. रूपेश जन्मभर चोर म्हणेल, पण वरच्या टप्प्यावरून म्हणेल.

चौकशीच्या नियमाप्रमाणे तिच्या कार्डाने पाच वर्षांत केलेल्या प्रत्येक कामाची यादी तिला बचावासाठी मिळाली होती. ती वाचायची गरज नव्हती, तरी घरी बसून करायचं काय, म्हणून तिने वाचायला घेतली. एके ठिकाणी तिचं बोट थांबलं. मागच्या वर्षीच्या चैत्रातले नऊ दिवस. तिने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं. त्यावर दुधाच्या खाड्यांचे फुल्यांनी भरलेले चौकोन होते आणि कडेला लिहिलं होतं, 'नाशिक, वेदाचं बाळंतपण'. वेदा तिची लेक. नऊ दिवस दूध नाही, कारण नऊ दिवस सुचिता नाही. त्या नऊ दिवसांत तिच्या कार्डाने एकतीस मालकीपत्रं बंद केली होती.

त्यात नवल नव्हतं, डबा त्यासाठीच होता. पण एकतीस नावं वाचताना एका नावावर ती पुन्हा अडली. बारकी टिकम, शेजारच्या दांडेवठार गावची. हिची फाइल सुचिताने स्वतः तपासून वरच्या टप्प्यासाठी पुढे पाठवली होती. हिला ती विसरणं शक्य नव्हतं, कारण रांगेत चक्कर येऊन पडलेली म्हातारी हीच. मालकीपत्रात तिचा भूखंड खालच्या टप्प्यात होता. बारकीला वाचता येत नव्हतं. तिला कोणीतरी सांगितलं असेल, आजी, सड्यावर जागा मिळाली, आणि तिने हात जोडले असतील.

सुचिता यादी घेऊन दुपारभर बसली. आणखी चार नावं तिच्या स्मरणाशी जुळेनात. बाकीची तिला आठवतच नव्हती. म्हणजे किती जण खाली गेलेत हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिच्या कार्डाखाली तेवढी पाच गावं, बाकीच्या सोळांचं काय, देव जाणे. आणि नियम असा, की ताबा देताना सगळी मालकीपत्रं कायमची मोहोरबंद व्हायची, मग बदल नाही. ताब्याला दोन महिने उरले होते. तिने धुमाळांच्या कागदावर सही केली असती, तर अकरा घरं वाचली असती आणि इतर सगळी त्याच सहीखाली गाडली गेली असती.

चौकशीच्या आदल्या दिवशी अमेय चेंदवणकर तिच्याकडे आला. तिशीतला पोरगा, सुचितानेच हाताला धरून काम शिकवलेला. बाहेरच्या कामाची पाळी चुकवून तो सारखा कार्यालयात बसायचा, हे तिला आता आठवत होतं. तो खुर्चीत ऐसपैस बसला आणि तिच्या घराकडे नजर फिरवत म्हणाला, की सगळ्यांच्या वतीने आलोय. तेरा घरांच्या चुली त्या कार्डांवर पेटतात. मॅडम तोंड उघडणार असतील तर तेराही जण शपथेवर सांगतील, की डबा वगैरे काही नव्हता.

सुचिताने सरळ विचारलं, "अमेय, तू केलंस?"

"कार्डाला विचारा की, मॅडम. ते खोटं बोलत नाही ना?"

"मी कधी कोणाची चावी वापरायला शिकवली तुला?"

"झाकणावरची चिठ्ठी कोणाच्या अक्षरात होती?" तो उठला. "तुम्ही गुरुजी, आम्ही विद्यार्थी. पाटीवर होतं तेच गिरवलं."

तो गेला तरी ती बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. त्याचा राग यायला हवा होता, आणि येतही होता. पण त्या रागाला धड उभं राहायला जागा मिळत नव्हती. त्याने म्हटलेलं निम्मं खरं होतं.

चौकशी अधिकारी स्मिता गुंजाळ कोरड्या स्वभावाच्या, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला धुमाळ आणि बाकीची बारा माणसं, दुसऱ्या बाजूला एकटी सुचिता, मागे आंबरखोलची अकरा कुटुंबं दाटीवाटीने. रूपेश हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. सुचिताने डब्याची हकीकत पहिल्या दिवसापासून सांगितली. मागे कुजबुज सुरू झाली. तेरा जणांनी एकामागून एक उठून सांगितलं, की असा डबा त्यांनी कधी पाहिला नाही. तेव्हा तिने कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि नाशिकच्या हॉस्पिटलचा कागद शेजारी ठेवला. त्यावर सोबत राहणाऱ्या नातेवाइकाची रोजची सही होती. नऊ दिवस बाई नाशकात आणि कार्ड इथे.

गुंजाळांनी दोन्ही कागद पुन्हापुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, की कार्ड दुसऱ्याला देणं हा यादी बदलण्याहूनही मोठा गुन्हा आहे, त्याला बडतर्फीच आहे. आणि या जबाबानंतर सहा हजारांतलं एकेक पत्र त्यांना थांबवावं लागेल. हे कळतंय ना?

"कळतंय. मीच शिकवायचे ते," सुचिता म्हणाली. "कुलूप चावी ओळखतं, बाई. चावी कोणाच्या हातात आहे ते त्याला कळत नाही. पाच वर्षं मी लोकांना अर्धाच धडा शिकवला. उरलेला अर्धा मला जड जाणार होता, म्हणून सांगितला नाही."

मागून कोणीतरी, तुझा धडा घाल चुलीत, असं ओरडलं. एका बाईने चप्पल भिरकावली, ती टेबलाच्या पायाला लागली. अकरा कुटुंबांना वाटलं होतं, आज यादी रद्द होईल आणि पावसाआधी घरं मिळतील. यादी रद्द झाली, पण त्यांच्याबरोबर एकवीस गावं थांबली.

पुढचे चौदा महिने कोणी विसरलं नाही. सहा हजार कुटुंबांनी आणखी एक उन्हाळा आणि एक पावसाळा पत्र्याखाली काढला. शिबिरात वैशाखात दोन म्हातारी माणसं गेली. त्यांच्या तिरडीपुढे सुचिताचं नाव घेऊन बोटं मोडली गेली. ती बडतर्फ झाली, पेन्शन गेली. अमेयवर काहीच सिद्ध झालं नाही. झाकणावरच्या चिठ्ठीतला पिन चौदा जणांना पाठ होता, आणि त्यांतल्या कोणी दाबला ते सांगायला कार्डाला डोळे नव्हते. त्याची बदली झाली. धुमाळांना नुसती ताकीद मिळाली.

प्रत्येक पत्र नव्याने तपासायचं म्हणजे माणूस समोर उभा करायचा आणि त्याचं घर कुठे होतं, राहतं होतं की नाही, हे ओळखणारा साक्षीदार बसवायचा. कार्यालयातल्या तेरा जणांना फाइली ठाऊक होत्या, माणसं नव्हती. तिच्या पाच गावांच्या साक्षीला गुंजाळांनी समन्स काढून सुचितालाच बोलावलं, भत्ता नाही, जेवण नाही. सड्यावरच्या मांडवात ती दहा ते पाच बसायची. समोर येणारा माणूस आधी तिला दोन शब्द ऐकवायचा, मग आपलं नाव सांगायचा. ती ऐकून घ्यायची आणि सांगायची, हो, यांचं घर वडाच्या पारापलीकडे, मागे फणस होता, बारा महिने चूल पेटायची. एकवीस गावांत मिळून दोनशे बारा पत्रं बदललेली निघाली. बारकी टिकमचं त्यातलंच. तिला वरचा टप्पा मिळाला तेव्हा ती काठी टेकत सुचितासमोर आली आणि म्हणाली, "वरीस घालवलंस माजा, बाय." एवढंच म्हणून गेली.

आंबरखोलची पाळी शेवटच्या आठवड्यात आली. रूपेश बायको-मुलींना मांडवाबाहेर उभं करून एकटा आत आला. गुंजाळांनी रीतीप्रमाणे विचारलं, या साक्षीदार बाई तुमच्या ओळखीच्या आहेत का.

"होत्या," तो म्हणाला.

सुचिताने साक्ष दिली. रूपेश खवणेकर नव्हे, रूपेश मिठबावकर, तिने नोंद करणाऱ्या कारकुनाची चूक सुधारली. खवणेकर हे आपलं सासरचं आडनाव. राहतं घर, खाडीच्या काठचं शेवटचं, तीन खोल्या आणि पडवी. त्या पडवीत ती स्वतः लहानाची मोठी झाली होती, पण साक्षीत ते विचारलेलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. पडद्यावर भूखंडाचा नंबर आला. वरचा टप्पा. मांडवाबाहेर धाकट्या मुलीने टाळी वाजवली, आईने तिचा हात धरला.

नवा नियम असा होता, की आता मालकीपत्र कार्यालयाच्या एकट्या कार्डाने उघडणार नाही. मालकालाही स्वतःचं कार्ड, आणि दोन्ही एकदम लागायची. गुंजाळांनी रूपेशपुढे त्याचं कार्ड आणि आकड्यांची पाटी ठेवली आणि पिन ठरवायला सांगितलं. तो कार्ड उलटसुलट करून बघत राहिला. मग सुचिताकडे न बघता गुंजाळांना म्हणाला, "त्या बाईंना विचारा, हे चार आकडे कुठे लिहून ठेवावेत का?"

सुचिताही गुंजाळांकडे बघून म्हणाली, "त्यांना सांगा, कुठेच नाही."

"घरात कोणाला सांगावेत का?"

"कोणालाच नाही."

"सख्ख्या बहिणीला?"

"सख्ख्या बहिणीला तर मुळीच नाही."

रूपेशने मान हलवली. तिच्याकडे पाठ केली, पाटीवर डाव्या हाताचा आडोसा धरला आणि एकेक करून चार आकडे दाबले. एवढ्या वर्षांत तिच्यासमोर हे नीट करणारा तो पहिलाच माणूस होता.